अकरा पांढऱ्या चिंध्या

सोमवारी सकाळी मोजणीबाईंनी स्वतःच्या सुनेची तक्रार बागेच्या साहेबांकडे केली, आणि दुपारच्या चहापर्यंत ती बातमी बाराही जाळीघरांत पोचली.

तक्रार खोटी नव्हती. सातव्या जाळीघरात पांढरी चिंधी बांधलेल्या झाडावरची किड्यांची पिल्लं सुनेनं हातमोज्यानं चिरडली होती. एकदोन नव्हे, चांगली पंधरा-वीस. त्या टोमॅटोच्या बागेत याहून मोठा गुन्हा नव्हता. उशिरा या, चालेल. भरलेला ट्रे पालथा करा, साहेब दोन शब्द सुनावतील आणि विसरतील. पण पांढऱ्या चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही ही काळ्या दगडावरची रेघ होती, आणि ती ओढली होती खुद्द मोजणीबाईंनी.

त्या बागेत औषध फवारत नसत. फुलं फळावी म्हणून भुंग्यांच्या पेट्या ठेवलेल्या असत, आणि पिकावरचे किडे खाणारे किडे मुद्दाम पाळलेले असत. फवारा मारला की शत्रूबरोबर मित्रही मरणार. म्हणून रोज कुणीतरी ओळीओळीतून फिरायचं, पानं उलटायची, आणि कोण आपलं, कोण परकं ते ठरवायचं. परका दिसला तर झाडाला लाल चिंधी, मग दोघी-तिघींनी येऊन तो हातानं वेचून काढायचा. आपल्यांची पिल्लं दिसली तर पांढरी चिंधी, आणि त्या झाडाजवळून सगळ्यांनी अंग चोरून जायचं. चिंधी सुटेपर्यंत त्या झाडाचं फळसुद्धा तोडायचं नाही. हे ठरवण्याचं काम एकोणीस वर्षं मोजणीबाई करत होत्या.

शाळा त्यांची सातवीतच सुटली होती. बागेत आल्या त्या तोडणीला. पहिल्याच वर्षी एका झाडावरचा नारिंगी किडा त्यांनी चिमटीत धरला आणि तो असा कडकडून चावला, की त्यांच्या ओरडण्यानं पॅकिंगच्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. त्या दिवशी बागेत एक कीडतज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "अहो, हा शिकारी ढेकूण. हा टोमॅटोला तोंड लावत नाही, टोमॅटोवरच्या अळ्या खातो. चावला ना? आता जन्मात विसरायच्या नाहीत तुम्ही." आणि जाताना आपल्या गळ्यातलं भिंग त्यांनी या अनोळखी तोडणीवालीच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून ते भिंग मोजणीबाईंच्या गळ्यातून उतरलं ते फक्त अंघोळीला.

रोज झाडाझाडावरचे किडे मोजता मोजता मोजायची सवय अंगातच मुरली, आणि नावही मोजणीबाईच पडलं. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातली बिस्किटं, मुलगा दिवसातून किती वेळा आरशात बघतो, सून किती वेळा माहेरी फोन लावते, सगळ्याचा आकडा तोंडपाठ. घरात असं माणूस असणं काही सुखाचं नसतं. मुलगा टेम्पो चालवायचा आणि निम्मा आठवडा बाहेर असायचा. त्याचं एक कारण टेम्पो होता आणि दुसरं आई, असं तो स्वतःच गमतीनं म्हणायचा.

सुनेला बागेत लागून तीन महिने होत आले होते. तीन महिने पुरे झाले की एक तर कायम, नाहीतर रामराम. तिचा निकाल बुधवारी होता, आणि सोमवारी तिनं हे करून ठेवलं.

"घरची आहे म्हणून झाकायचं असेल तर मला आधीच सांगा," मोजणीबाई साहेबांना म्हणाल्या. "उद्या दुसरी कुणी असं करेल, तेव्हा मी कोणत्या तोंडानं बोलू?"

साहेबांनी सुनेला बोलावलं. "का मारलीस गं ती पिल्लं?"

सुनेनं एकदा सासूकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली, "चुकून झालं, साहेब."

"चुकून वीस?"

तिनं हातमोजा काढून कमरेला खोचला. "बुधवारी दहा वाजता ये," साहेब म्हणाले. त्याचा अर्थ तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मोजणीबाईंनी वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. त्यांना जवळचं नीट दिसत नव्हतं. लांबचा साहेब ओळखू यायचा, हातातला किडा नाही. डोळ्यांवर साय धरल्यासारखं व्हायचं, आणि भिंग लावलं की ती सायच मोठी दिसायची. डॉक्टरकडे त्या गेल्या नव्हत्या. डॉक्टर कागदावर लिहून देणार, कागद बागेत जाणार, आणि एकोणीस वर्षं जिच्या एका बोटावर बारा जाळीघरं हलली, तिला कोपऱ्यात चिंध्या फाडायला बसवणार. म्हणून त्यांनी अंदाजावर काम भागवलं. रंग दिसायचा, हालचाल कळायची, बाकीचं एकोणीस वर्षांची सवय भरून काढायची. नारिंगी अंग, काळे पाय, पानावर पुंजका. शिकारी ढेकणाची पिल्लं. बांध पांढरी चिंधी. अशा अकरा चिंध्या त्यांनी गेल्या तीन आठवड्यांत सातव्या जाळीघरात बांधल्या होत्या, आणि यंदा आपल्यांची पैदास चांगली झाली म्हणून साहेबांकडून शाबासकीही घेतली होती.

पिल्लं चिरडायच्या चार दिवस आधी सून म्हणाली होती, "आई, हे एकदा भिंगातून बघा ना."

"तीन महिने झाले नाहीत आणि मला शिकवतेस?" असं म्हणून मोजणीबाई पुढच्या ओळीत गेल्या होत्या. तेव्हा त्यांना फक्त राग आला होता. आता सोमवारी संध्याकाळी घरी चहाचे दोन कप समोरासमोर गार होत असताना ते वाक्य पुन्हा आठवलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलगा मध्ये बसून कधी हिच्याकडे तर कधी तिच्याकडे बघत होता. शेवटी टेम्पोचं टायर बघून येतो म्हणाला आणि सटकला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या मुख्य बाईंनी मोजणीबाईंना हाक मारली. पॅकिंगवाली म्हणजे फटकळ बाई. तिनं एक टोमॅटो मधोमध कापला आणि पुढे धरला. "हे बघा. वरून पिवळे ठिपके, आत पांढऱ्या कडक गाठी. कुणीतरी सुई टोचून रस ओढल्यासारखं. सकाळपासून सहा ट्रे बाजूला काढलेत. सगळे सातव्या जाळीघरातले. तुमच्या पाहुण्यांनी काय चालवलंय तिथं?"

मोजणीबाईंनी फोडीवरून अंगठा फिरवला. गाठ डोळ्यांना दिसली नाही, पण अंगठ्याला लागली. एक, दोन, तीन. शिकारी ढेकूण फळाला तोंड लावत नाही. मग हे कुणी केलं?

त्या सातव्या जाळीघरात गेल्या. बाहेर ऊन होतं आणि आत जाळीतून गाळलेला मऊ उजेड. पहिली चिंधी तिसऱ्या ओळीत होती. त्या झाडाजवळ गेल्या तसं काहीतरी तपकिरी दांड्याच्या पलीकडे सरकलं. त्या वळसा घालून पलीकडे गेल्या, तर ते पुन्हा अलीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला तेव्हा ते जड घरघर करत उडालं आणि जाळीला जाऊन आपटलं. एवढा मोठा आवाज करणारा किडा आपल्या यादीत नव्हता. त्यांनी भिंग लावलं. साय मोठी झाली. त्यांनी डोळे पुसले, भिंग पुसलं, पुन्हा लावलं. नारिंगी डाग, काळ्या रेघा. बस्स.

मग त्यांनी दांड्यावरून नख फिरवलं. खालून वर, हळूहळू. एका जागी नखाला बारीक मणी लागले, एकाला एक चिकटून सरळ रांगेत ओवलेले. अंडी होती. शिकारी ढेकूण अंडी घालतो ती एका जागी घट्ट गठ्ठ्यानं. रांगेत घालणारा वेगळा. त्याचं नाव त्यांना माहीत होतं. कीडतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच वर्षी चित्रात दाखवला होता. मागच्या पायांवर पानासारखा चपटा भाग असतो म्हणून बायकांनी त्याला पानपाया असं नाव ठेवलं होतं. त्याची पिल्लं लहानपणी अगदी शिकाऱ्याच्या पिल्लांसारखीच दिसतात, फसू नका, असंही त्या बाई म्हणाल्या होत्या. पण या बागेत एकोणीस वर्षांत तो एकदाही आला नव्हता, आणि जो कधी आलाच नाही त्याची वाट कोण बघत बसतं?

त्यांनी नख मागं घेतलं. तरी मन हार मानेना. नखाला काय कळतं, माती असेल, डिंक असेल. त्यांनी त्या पुंजक्यातली चार पिल्लं एका बाटलीत घेतली, बाटली पिशवीत टाकली आणि कुणाशी न बोलता घरी आल्या.

मुलगा फेरीवर गेला होता. सून अजून यायची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून ऊन होतं. मोजणीबाईंनी बाटली उन्हात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. काही उपयोग झाला नाही. मग त्यांना एकच खात्रीची परीक्षा सुचली, आणि ती डोळ्यांची नव्हती. शिकारी चावतो. दाबला की चावतोच. आणि त्याचं चावणं त्या जन्मात विसरल्या नव्हत्या.

त्यांनी बाटली तळहातावर उपडी केली आणि मूठ मिटली.

चार पिल्लं मुठीत वळवळू लागली. मोजणीबाईंनी मूठ आवळली. चाव, त्या मनात म्हणाल्या. अरे चाव ना. एकोणीस वर्षांपूर्वी त्या ज्या वेदनेनं किंचाळल्या होत्या, तीच आता त्या हात जोडून मागत होत्या. एकदा कडकडून चावला की सगळं ठीक होणार होतं. चिंध्या खऱ्या, तक्रार खरी, गाठी दुसऱ्या कुणाच्या तरी. त्या मोजत राहिल्या. वीस. चाळीस. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. साठ. बारीक पाय बोटांच्या फटींतून वाट शोधत होते. त्यांनी आणखी जोरात दाबलं. शंभर. तळहाताला ओल लागली आणि एक उग्र, कडवट वास नाकात शिरला. चावलं कुणीच नाही.

"आई, मूठ उघडा. ते चावत नाहीत."

सून दारात उभी होती. चपला अजून पायातच होत्या.

मोजणीबाईंनी मूठ उघडली नाही. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या चिंधीपासून. माहेरी आमच्या भोपळ्याच्या वेलावर असायचे हे. आम्ही बहिणी पहाटे वेचायचो."

"मग काल साहेबांपुढे तोंड का शिवलं होतंस?" मोजणीबाईंचा आवाज चढला. रागावायचं कुणावर हे कळेना झालं की माणूस समोरच्यावर रागावतं. "सरळ सांगायचं ना, हे पानपाये आहेत म्हणून!"

"सांगितलं असतं," सून म्हणाली. "मग त्यांनी विचारलं असतं, तुझ्या सासूला कसं दिसलं नाही? त्यावर मी काय सांगणार होते?"

मोजणीबाई खिडकीकडे वळल्या.

"दोन महिने झाले, तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतता," सून हळूच म्हणाली. "त्यांच्या शर्टाचं बटण उलट्या बाजूनं शिवलंत. मी उसवून परत लावलं. सुईत दोरा घालून ठेवते, तो तुम्हाला आधीपासूनच होता असं वाटतं." तिनं बेसिनचा नळ सोडला, सासूचा हात धरून त्याच्याखाली नेला आणि एकेक बोट उघडलं. "म्हटलं, लपूनछपून सगळे चिरडून टाकावेत. अकरा झाडं होती. पहिल्याच झाडावर तुम्ही मला पकडलंत."

नळाचं पाणी वाहत राहिलं. एवढं मोजणाऱ्या बाईच्या घरात दोन महिने कुणीतरी सुईत दोरा ओवून ठेवत होतं, आणि तो आकडा तिच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. लाज म्हणजे काय ते मोजणीबाईंना त्या दिवशी कळलं.

"उद्या तुम्ही काही बोलू नका," सून म्हणाली. "मला दुसरीकडे काम मिळेल. मी तरुण आहे. तुम्हाला कोण घेणार?"

खरं सांगायचं तर मोजणीबाईंना हे म्हणणं पटलं. त्या काही देवमाणूस नव्हत्या. बुधवारी सकाळी बागेकडे चालत जाताना त्यांनी मनात सगळी मांडणीही केली. सून जाईल. आपण आज दुपारी पांढऱ्या चिंध्या गुपचूप सोडू, लाल बांधू, म्हणू की रात्रीत नवीन कीड आली. कुणाला काही कळायचं नाही. दोघींपैकी एकीचं काम टिकेल. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटत होतं.

दहा वाजता साहेबांच्या खोलीत तिघं होते. साहेब, सून आणि भिंतीशी खुर्चीवर मोजणीबाई. टेबलावर एक कागद आणि एक पेन. सातव्या जाळीघराचे खराब ट्रे आज नऊ झाल्याचं साहेबांनी आल्या आल्या सांगितलं. त्यांची झोप उडालेली दिसत होती. "वरून फोन आलाय. कीड कळली नाही तर शुक्रवारी फवारा मारा म्हणतात. भुंगे जातील, मित्रकिडे जातील, वर्षभराची मेहनत जाईल. आणि अशा वेळी," ते सुनेकडे वळले, "तू आपलेच किडे मारतेस. माझ्यापुढे इलाज नाही. सही कर."

सुनेनं पेन उचललं. मोजणीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. आता बोलावं. नाही, आता नको. पेनाचं टोपण निघालं. सुनेनं कागद सरळ केला आणि कुठं सही करायची ते शोधू लागली. साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. सही नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत आली, आणि मोजणीबाईंच्या डोळ्यांपुढे दोरा ओवलेली सुई आली.

"थांब," त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की सून थांबलीच नाही. मोजणीबाई उठल्या आणि त्यांनी कागदावर तळहातच ठेवला. पेनाची रेघ त्यांच्या बोटावर उमटली.

"साहेब, ते आपले किडे नव्हते. पानपाये आहेत. ट्रे त्यांनीच खराब केलेत. अकरा झाडांवर मी त्यांना पांढरी चिंधी बांधून पाळलं. हिनं ओळखलं, मला ओळखता आलं नाही. मला जवळचं दिसत नाही. वर्ष झालं."

साहेब कितीतरी वेळ त्यांच्या गळ्यातल्या भिंगाकडे बघत राहिले.

"वर्ष झालं," ते शेवटी म्हणाले, "आणि सोमवारी तुम्ही हिची तक्रार केलीत."

"हो."

"हिनं एका शब्दानं सांगितलं नाही."

"नाही."

साहेब चिडले. चिडायलाच हवं होतं. एका दमात त्यांनी मोजणीबाईंना जे सुनावलं, ते एकोणीस वर्षांत कुणी सुनावलं नव्हतं. त्यांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. मग साहेबांनी कागद फाडला आणि सुनेला विचारलं, "फवाऱ्याशिवाय निघतील का?"

"निघतील," सून म्हणाली. "पण दुपारी नाही. दुपारी ते उडतात, दांड्यामागं लपतात. पहाटे गारठ्यात सुन्न असतात. खाली साबणाच्या पाण्याची बादली धरायची आणि झाड हलवायचं. पिल्लं, मोठे, सगळे पडतात. अंडी नखानं काढायची. दोन पहाटा लागतील. सगळ्यांना बोलवा."

"आणि दाखवणार कोण, कुठला आपला आणि कुठला परका?"

मोजणीबाईंनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. ती केसांत अडकली, सोडवायला वेळ लागला. भिंग त्यांनी टेबलावर सुनेपुढे ठेवलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

गुरुवारी उजाडता उजाडता सातव्या जाळीघरात बावीस बायका आणि चार पुरुष जमले. पॅकिंगवालीसुद्धा आली होती, आणि आल्यापासून साबणाच्या फेसाला नावं ठेवत होती. जाळी दवानं ओली होती. सून पुढे, गळ्यात भिंग. मागे मोजणीबाई, एका हातात बादली आणि खांद्यावरच्या पिशवीत चिंध्या. साहेबांनी त्यांना घरी बसवलं नव्हतं. "बादली धरायला डोळे लागत नाहीत. आणि सोमवारी डॉक्टरकडे जायचं, मी विचारणार," एवढंच ते म्हणाले होते. एकोणीस वर्षं पुढे चालणारी बाई मागे चालतेय हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी टोमणा मारला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"आई, डावीकडे. दांड्यामागं. बादली वर घ्या थोडी."

झाड हललं. पाण्यात टपटप झालं आणि तो कडवट वास वर आला. मोजणीबाईंनी पांढरी चिंधी सोडली. एक. पुढच्या झाडावर दोन. अशा अकराही चिंध्या सुटल्या, तेव्हा ऊन जाळीवर आलं होतं आणि बादली जड झाली होती. त्यांनी सुटलेल्या चिंध्या पिशवीत कोंबल्या. त्या पुन्हा कधी बाहेर काढाव्या लागू नयेत असं त्यांना वाटलं.

एकोणिसाव्या ओळीत सून अचानक थांबली. भिंग लावून ती बराच वेळ वाकून राहिली. मागच्या बायका थबकल्या. झाडावर नारिंगी पुंजका होता, काळे पाय. मोजणीबाईंना तो परवाच्यासारखाच दिसला, अगदी तसाच. त्यांनी बादली वर उचलली.

"नको," सून म्हणाली. "हे शिकारी आहेत. आपले. चिंधी द्या, आई, पांढरी."

मोजणीबाईंचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. तिथं भिंग नव्हतं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, हात छातीवर. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपून एक चिंधी काढली आणि झाडाकडे न बघता सुनेच्या हातात दिली.